गुडघ्यावरचा हत्ती

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. तिच्यात एक पायमशीन, एक इस्त्रीचं टेबल, कातरणांची तीन पोती, एक पडदा आणि ठिगळमावशी एवढं सगळं मावतं. पडदा गिऱ्हाइकाला कपडे बदलण्यासाठी आहे. तो डावीकडे ओढला की उजवीकडून उघडा पडतो आणि उजवीकडे ओढला की डावीकडून. त्यामुळे आत जाणारा माणूस कोणत्या बाजूची अब्रू वाचवायची ते आधी ठरवूनच आत जातो.

ठिगळमावशी हे नाव मुलांनी ठेवलं, आणि त्या मुलांची मुलंही आता शाळेत जातात. मी एकदा विचारलं होतं, "मावशी, राग नाही येत ह्या नावाचा?"

"कशाला येईल? ठिगळं लावते म्हणून ठिगळमावशी. तुम्हाला लोक काय म्हणतात ते मी अजून सांगितलं नाही, म्हणून तुम्ही सुखी आहात."

फाटलेला कपडा हातात आला की मावशी तो आधी खिडकीच्या उजेडात धरतात. मग चष्मा कपाळावर ढकलतात. चष्मा त्यांना जवळचं दिसावं म्हणून दिलेला आहे, पण काही महत्त्वाचं बघायचं असलं की तो नेमका वर जातो. आणि मग निकाल लागतो. खिळ्याने फाटलं की काटकोनात फाटतं. घसरून पडलं की आडवे धागे जातात आणि उभे लोंबत राहतात. कुत्र्याने ओढलं की कापड आधी लांबतं, मग फाटतं. एकदा मी बायकोला सांगितलं होतं की पँट खुर्चीच्या खिळ्याला अडकली. मावशींनी ती उजेडात धरली आणि बायकोच्या देखत म्हणाल्या, "ही खुर्चीवर चढून वर हात करताना उसवलीय. वरच्या फडताळात काय असतं हो?" वरच्या फडताळात बिस्किटांचा डबा असतो. म्हणजे असायचा.

मशीन मागच्या खिडकीपाशी आहे. खिडकीबाहेर इमारतीची मोकळी जागा. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. तिच्यात एक तिरकं झाड, कुणाच्या तरी बांधकामातून उरलेला वाळूचा ढीग आणि गटाराचं काम संपल्यावर न्यायचा विसरलेला एक भला मोठा सिमेंटचा पाइप. उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे पूर्वी असा कल्ला असायचा की तिसऱ्या मजल्यावर फोन लावला तर पलीकडचा माणूस विचारायचा, तुमच्याकडे दंगल झाली का? मावशी त्या कल्ल्यावर शिवायच्या. "गोंगाट असला की माझी टीप सरळ जाते," त्या म्हणायच्या. "शांतता झाली की दोरा तुटतो."

यंदा सुट्टी लागली आणि दोरा सारखा तुटायला लागला.

मी माझी पँट मागायला गेलो होतो. लांबी दोन बोटं कमी करायची होती आणि पँट देऊन तीन आठवडे झाले होते. मावशींनी टेबलावर मुलांच्या सात चड्ड्या मांडल्या होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

"काय बघू?"

"गुडघे."

"चांगले आहेत की."

"तेच तर! सुट्टी लागून दहा दिवस झाले आणि गुडघे कोरे करकरीत. आता उलट्या करा."

मी उलट्या केल्या. मागच्या बाजूला कापड इतकं विरलं होतं की आरपार टेबल दिसत होतं.

"सात पोरं, सात बुडं," मावशी म्हणाल्या. "सकाळी क्लासला बसतात, दुपारी मोबाइल घेऊन बसतात, संध्याकाळी दमलो म्हणून बसतात. माझ्या उभ्या आयुष्यात मी बुडाला ठिगळं लावली ती म्हाताऱ्या कारकुनांच्या. आठ वर्षांच्या पोराचं बूड विरतं म्हणजे काय!"

त्याच संध्याकाळी जिन्यात नोटीस लागली. मागील मोकळी जागा वापरात नसल्याने तेथे फरशा बसवून वाहने लावण्याची सोय करण्याचे योजिले आहे, निर्णय महिनाअखेरच्या सभेत. खाली सेक्रेटरींची सही.

आमचे सेक्रेटरी अत्यंत सज्जन गृहस्थ. खिशात कायम मोजपट्टीची डबी. कुणी "कसे आहात?" म्हटलं तरी त्यांचा हात आधी त्या डबीकडे जातो. अन्याय नको म्हणून त्यांनी एक नोंदवही घातली आणि गॅलरीत बसून मोकळ्या जागेचा वापर स्वतः लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवसाची सकाळची नोंद: "मांजर, एक. झोप." संध्याकाळची नोंद: "तेच मांजर. कूस बदलली."

मावशींनी नोटीस दोनदा वाचली. "गाड्या लागल्या की माझ्या खिडकीतून काय दिसणार? टायर! टायर बघत मी फ्रॉक शिवू?"

"अर्ज द्या," मी म्हणालो.

"अर्ज दिला म्हणून पोरं खेळणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी मावशींच्या दारावर खडूने लिहिलेली पाटी होती: "खेळून गुडघा फाडून आणा. वर चित्राचं ठिगळ फुकट." खाली नमुने टाचले होते. राखाडी हत्ती, लाल रॉकेट, निळा मासा, हिरवं कासव. शिवाय एक असा प्राणी, ज्याला मावशी घोडा म्हणत होत्या आणि बाकी सगळे बटाटा.

सकाळी दुकानापुढे रांग लागली. नऊ मुलं, नऊ पँटी. पुढे दुसऱ्या मजल्यावरची वकीलबाई. वय वर्षं आठ. वाद घालायच्या पद्धतीवरून तिला हे नाव पडलं आहे. तिच्या मागे तिचा पाच वर्षांचा भाऊ, शेपूट. त्याला हे नाव का पडलं ते त्या दोघांना चालताना एकदा पाहिलं की कळतं.

"घ्या मावशी, फाटली," वकीलबाई म्हणाली. "मला रॉकेट, ह्याला हत्ती."

मावशींनी पँट उजेडात धरली. चष्मा वर गेला. रांगेतल्या माना पुढे आल्या.

"कात्री," मावशी म्हणाल्या.

"नाही!"

"आखल्यासारखी सरळ रेघ आहे. गुडघा काय पट्टी घेऊन पडला?"

"पण पाटीवर लिहिलंय, फाडून आणा. आम्ही फाडून आणली."

"पाटीवरचा पहिला शब्द वाच."

वकीलबाईने मान वळवून वाचला. "खेळून. पण कशाशी खेळून ते कुठे लिहिलंय? आम्ही कात्रीशी खेळलो."

मावशींना हसू आवरत नव्हतं, म्हणून त्यांनी तोंडात टाचण्या धरल्या आणि पुढची पँट घेतली. "ही किसणीने. गाजर अजून चिकटलंय." त्याच्या पुढची. "ही दातांनी. शाबास! तुझ्या दातांत निळं सूत अडकलंय ते काढ आधी." असे नऊच्या नऊ खटले निकालात निघाले. मावशींनी सगळ्या पँटींना साधी टीप मारली. चित्र नाही. रॉकेट नाही. बटाटासुद्धा नाही.

"मग आता काय खेळायचं?" मुलांनी विचारलं.

"मला काय विचारता? मी कपडे शिवते."

"शिकवणार कोण?"

"कोणी नाही."

"किती ते किती?"

"सकाळी ऊन चढेपर्यंत, संध्याकाळी दिसेनासं होईपर्यंत."

"ड्रेस कोणता?"

"फाटका."

"आणि कंटाळा आला तर?"

"येऊ दे की. तो काय चावतो? त्यालाही घ्या खेळायला."

त्या संध्याकाळी मुलं मागे उतरली आणि बसची वाट बघावी तशी उभी राहिली. एकाने वाळूच्या ढिगावर बोट सरकवून पाहिलं, पुढचं चित्र आलं नाही. मग वकीलबाईने सूत्रं हातात घेतली आणि पडण्याचा क्लास काढला. "सगळे ओळीत! एक, दोन, पड!" मुलं काचेची भांडी ठेवावीत तसे आपापले गुडघे जमिनीवर ठेवायला लागली. शेपूट तर पडायच्या आधी हाताने जागा झाडून घ्यायचा.

मी खिडकीशी होतो. "मावशी, अहो सांगा ना त्यांना काहीतरी. लपाछपी सांगा, पकडापकडी सांगा."

"एक शब्द बोलाल तर पँट पुढच्या वर्षी मिळेल," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी मशीनचं टेबल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, जणू सोडलं तर त्या स्वतःच खिडकीतून उडी मारतील. "मी सांगितला की तो माझा खेळ झाला. मग मी दमले की तो संपला."

दुसऱ्या संध्याकाळी पडण्याच्या क्लासचा दुसरा तास चालू असताना शेपटाने "पड" ऐकलं, गोंधळला आणि पडायच्या ऐवजी पाय झाडला. त्याची चप्पल उडाली आणि तिरक्या झाडात जाऊन बसली. ती पाडायला त्याने दुसरी फेकली. तीही तिथेच राहिली. त्या दोघी पाडायला वकीलबाईने आपली फेकली. पंधरा मिनिटांत त्या झाडाला एकवीस चपला लागल्या आणि खाली अकरा मुलं अनवाणी नाचत होती. बाविसावी चप्पल एकाने घरी न्यायला हवी म्हणून शर्टात लपवून ठेवली होती.

झाडापर्यंत हात पोचायला पाइपवर चढावं लागलं. पाइपवर एकाच्या खांद्यावर दुसरा चढला. काठी आणली, काठीही झाडात अडकली. शेवटी सगळ्या चपला खाली आल्या, पण पाइपवरून कुणी उतरेना. कारण दरम्यान खाली समुद्र झाला होता. तो कधी झाला आणि कुणी केला ते कुणालाच सांगता आलं नाही.

मावशींचं मशीन त्या दिवशी पहिल्यांदा धडधडत एका दमात चाललं. दोरा तुटला नाही.

तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारात शेपूट उभा राहिला. नाक वाहत होतं, गुडघा लाल झाला होता आणि चेहऱ्यावर ढाल जिंकल्यासारखा भाव. मावशींनी आधी गुडघा धुतला, औषध लावलं, मग चड्डी उजेडात धरली. चष्मा वर गेला. मागे दहा मुलं टाचा उंचावून बघत होती.

"आडवे धागे गेलेत," मावशी सावकाश म्हणाल्या. "उभे लोंबतायत. माती आहे. वाळू आहे." त्यांनी चष्मा खाली घेतला. "खरी!"

जो जल्लोष झाला त्याने मांजर उठून कायमचं शेजारच्या इमारतीत राहायला गेलं. राखाडी हत्ती शेपटाच्या गुडघ्यावर बसला. त्या दिवशी तो जिना चढला तो एकच पाय पुढे टाकत, हत्तीचा.

आठवड्यानंतर आया आल्या. पुढे वकीलबाईची आई. ती ह्याच इमारतीत लहानाची मोठी झालेली, त्यामुळे वकीलबाईचं घराणं कोणतं ते वेगळं सांगायला नको.

"मावशी, आठ दिवसांत चौदा पँटी! हस्ताक्षराचा क्लास बुडतोय. घरात इतकी वाळू येते की फरशी दिसत नाही. हे काय चालवलंय तुम्ही?"

"बस."

"बसायला वेळ नाही मला."

"मग उभ्याने डावा गुडघा दाखव."

"काय?"

"डाव्या गुडघ्याखाली दोन बोटांवर चंद्रकोरीसारखा वण आहे. पिवळा फ्रॉक होता. कठड्यावरून घसरत आलीस आणि आईला सांगितलंस, कुत्रा मागे लागला. कुत्र्याचं मीच तुला सुचवलं होतं. तू तर म्हशीचं सांगणार होतीस."

बाकीच्या आयांनी वकीलबाईच्या आईच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिने पाय मागे घेतला.

"त्या फ्रॉकवर बदक लावलं होतंत तुम्ही," ती म्हणाली.

"बदकच. फ्रॉक कुठंय तो?"

"आहे कपाटात," ती हळूच म्हणाली. मग एकदम आठवल्यासारखी, "पण हस्ताक्षर?"

"ते पुढच्या वर्षीही सुधारता येईल. गुडघा मात्र दर वर्षी जमिनीपासून लांब लांब जातो. तुझा आता किती वर गेलाय बघ. पडशील का?"

शेवटी तडजोड झाली. क्लास सकाळी तीन दिवस, संध्याकाळ मोकळी, आणि प्रत्येक घरात एक जुनी पँट फक्त फाडण्यासाठी राखीव.

आता वाटेल की सगळं जमलं. पण सेक्रेटरी होते ना! ते गॅलरीतून इमानाने लिहीत होते आणि दिवसेंदिवस खचत चालले होते. वहीत "वापराचे नाव" असा रकाना त्यांनी स्वतःच आखला होता. त्यात एके दिवशी त्यांनी "धावणे" लिहिलं. दुसऱ्या दिवशी: "धावणे बंद. सर्व जण पाइपवर. कारण अज्ञात." तिसऱ्या दिवशी: "एका मुलास वाळूत पेरले. पाणी घातले. उगवण्याची वाट पाहिली."

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते मावशींच्या दारात आले. "मावशी, मोठी पंचाईत आहे. बॅडमिंटन असतं तर बॅडमिंटन लिहिलं असतं. ह्याला नावच नाही. उद्या सभा विचारणार, हा कोणता वापर? नाव नसलेला वापर मी धरू शकत नाही. माझाच नियम आहे."

मावशींच्या हातातली सुई थांबली. तीन आठवडे गप्प बसून जे कमावलं ते एका रकान्यापायी जाणार होतं. त्या मुलांना ओरडून सांगू शकल्या असत्या, पटकन काहीतरी नाव द्या रे. पण त्या म्हणाल्या, "मग जाऊन विचारा की त्यांनाच."

ह्या वेळी मी पडद्यामागे होतो. मावशींनी माझी अंगातली पँट "दोन मिनिटांत देते" म्हणून मापाला काढून घेतली होती आणि पहिली अजून तयार नव्हती. मी उजवीकडची अब्रू वाचवली होती, त्यामुळे डावीकडून खिडकी स्वच्छ दिसत होती.

सेक्रेटरी वही घेऊन मोकळ्या जागेच्या मधोमध उभे राहिले. "मुलांनो, ह्या खेळाचं नाव काय?"

"तुम्ही बुडालात," पाइपवरून वकीलबाई म्हणाली.

"हे नाव आहे?"

"नाही हो काका, तुम्ही बुडालात! तिथे समुद्र आहे. पाच मोजायच्या आत जहाजावर या, नाहीतर तुम्ही मासा."

"अगं, मी सेक्रेटरी आहे."

"समुद्रात सेक्रेटरी नसतो. एक... दोन..."

सेक्रेटरींनी आजूबाजूला पाहिलं. हा माणूस आयुष्यात कशालाही उशिरा पोचलेला नाही. "तीन"ला त्यांनी वही काखेत मारली आणि "चार"ला ते पाइपवर होते. थोड्याच वेळात मोजपट्टीचा नांगर झाला. त्यांनी समुद्राची खोली मोजून "चार फूट दोन इंच!" असं जाहीरही केलं. इंच त्यांनी सोडले नाहीत. मग कुणीतरी "वादळ!" म्हणून ओरडलं आणि सगळं जहाज एकदम खाली आलं.

दिवेलागणीला सेक्रेटरी कागदी पिशवी घेऊन खोलीत शिरले. मी अजून पडद्यामागेच होतो.

"मावशी, पँट खिळ्याला अडकली. उद्या सभेला हवी. बारीक रफू करा, कळता कामा नये."

पँट दिव्यापाशी गेली. चष्मा वर गेला.

"खिळा काटकोनात फाडतो, सेक्रेटरी."

"मोठा खिळा असेल."

"आडवे धागे गेलेत, उभे लोंबतायत. सिमेंटची पूड आहे. पाइपवरून पडलात."

"उतरलो."

"भलत्याच वेगाने उतरलात."

"वादळ होतं," सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले.

मावशींनी पोत्यात हात घातला. "रफूला दोन दिवस लागतील. राखाडी कापडाचा एकच तुकडा उरलाय." तुकडा म्हणजे हत्ती.

"दुसरा काही उपाय? सभेला मी अकरा वर्षं हीच पँट घालतो हो."

"राखाडीवर राखाडी. लांबून दिसायचं नाही."

"निदान सोंड आत दुमडता येईल का?"

"सोंड दुमडली की डुक्कर दिसेल. ते चालेल?"

सेक्रेटरींनी बराच विचार केला. "हत्तीच असू दे. पण उद्या सभेत तुम्ही ह्याबद्दल..."

"मी कशाला बोलू? मी कपडे शिवते."

ते जायला वळले आणि पडद्याच्या उघड्या बाजूने आमची नजरानजर झाली. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मी त्यांच्या पिशवीकडे. दोघांनाही कुणाला काही सांगण्यासारखं राहिलं नव्हतं.

रविवारच्या सभेला अख्खी इमारत होती. सेक्रेटरी टेबलामागे, मोठे खुर्च्यांवर, मुलं पुढे जमिनीवर. नोंदवही वाचून झाली. "वापराचे नाव" ह्या रकान्यापाशी सेक्रेटरी नुसते खाकरले. लगेच तिसऱ्या मजल्यावरचे दोनगाडीवाले उठले. त्यांना आम्ही दोनगाडीवाले म्हणतो, कारण एक गाडी त्यांची आहे आणि दुसरी पहिली बिघडते म्हणून आहे.

"नावच नाही म्हणजे वापरच नाही!" ते म्हणाले. "गॅलरीतून पोरं दिसली, पण ती खरंच खेळत होती ह्याला पुरावा काय?"

नियमाचे पक्के सेक्रेटरी उत्तर द्यायला नेहमी टेबलापुढे येऊन उभे राहतात. ते आले. समोर जमिनीवर शेपूट बसला होता. त्याचे डोळे आणि सेक्रेटरींचा गुडघा एका रेषेत आले.

"हत्ती!" शेपूट किंचाळला. मग उठून त्याने स्वतःचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावला. "माझ्यासारखाच!"

ते ठिगळ कात्रीने मिळत नाही, किसणीने मिळत नाही, दातांनी तर नाहीच नाही, हे एव्हाना इमारतीतल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक होतं. सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या. त्या शेवटच्या रांगेत सुईत दोरा ओवत होत्या.

"मावशी," दोनगाडीवाल्यांनी विचारलं, "खरी?"

मावशींनी चष्मा कपाळावर ढकलला. सेक्रेटरींनी डोळे मिटले.

"माझं ठिगळ खोट्याला लागत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

"ते चाराला जहाजावर आले होते!" वकीलबाई ताडकन उभी राहिली. "मी साक्षीदार आहे!"

"तरी मी सकाळपासून विचारतेय, लंगडताय का!" मागून सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या. "म्हणे स्टुलाला धडकलो!"

मग जो हशा उसळला तो ओसरायला बराच वेळ लागला. सेक्रेटरींचे कान लाल झाले होते, पण माणूस न्यायी. त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "शनिवार. मुले, अकरा. प्रौढ, एक. वापराचे नाव..." इथे ते थांबले. मुलांकडे बघितलं. हत्तीकडे बघितलं. "खेळ. जागा वापरात आहे." फरशांचा ठराव त्याच पानावर बाद झाला. दोनगाडीवाल्यांनीही शेवटी हात वर केला. त्यांच्या मुलाच्या गुडघ्यावर बटाटा होता, आणि त्याला तो प्राणपणाने घोडा म्हणत होता.

सोमवारी संध्याकाळी मी पँट मागायला गेलो. खिडकीबाहेर समुद्र खवळला होता आणि मावशींचं मशीन सरळ रेषेत धावत होतं.

"मावशी, माझ्या दोन्ही पँटी..."

मावशींनी एक उचलली, उजेडात धरली आणि उलटी केली. चष्मा वर गेला.

"बूड विरलंय," त्या म्हणाल्या.

"कचेरीत दिवसभर बसूनच काम असतं हो."

"असेल. त्यांना एक मासा कमी पडतोय." त्यांनी पँट माझ्या हातात कोंबली. लांबी होती तेवढीच होती. "जा खाली. गुडघा फाटला की घेऊन या, मग दोन्ही कामं एकदमच करून देते."